अकराला बसणारं मशीन : भुईकाट्यावरच्या एका पीसीचं प्रकरण

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. लाल कांदा उतरणीला लागलेला, द्राक्षांच्या पिकअप सुरू झालेल्या. नाशिकला दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढे एक खासगी भुईकाटा आहे, तिथून नानांचा फोन आला. "इंजिनिअर, मशीन परत बसलं. रोज अकराला बसतंय. नवीन घ्यायचं असंल तर तसं सांग, एकदाचं मोकळं होऊ."

मी इंजिनिअर नाही. एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षं हेच करतोय. "मशीन बसलं" हे दिवसातून चारदा ऐकतो आणि खरं सांगायचं तर चारातल्या तिघांना न बघताच उत्तर देतो: फॉरमॅट मारू, एसएसडी (न फिरणारी, जलद डिस्क) टाकू. गिऱ्हाईक खूश, मी मोकळा. इथंही तेच केलं असतं, पण मी पोचलो तेव्हा नानांनी काउंटरवर तीन पावत्या मांडून ठेवल्या होत्या.

पहिली कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची, वेळ १०:५८, भरलेलं वजन ५,८४० किलो. दुसरी द्राक्षाच्या पिकअपची, वेळ ११:०४, भरलेलं वजन ५,८४० किलो. तिसरी त्याच पिकअपची, तीच वेळ, तेच वजन. पिकअपवाला पावती घेऊन हसत परत आला होता, कारण बाहेरच्या इंडिकेटरवर लाल आकड्यात त्यानं स्वतः २,९१० बघितलं होतं. नाना म्हणाले, "हा हसत आला. उलटं झालं असतं तर हसला असता का?"

काट्यावर नानांची सून बसते, मी वहिनी म्हणतो तिला. तिनं सांगितलं ते असं: ट्रॅक्टरची पावती निघाली आणि स्क्रीन गोठली. ट्रॅक्टर उतरला, पिकअप चढली. तिनं एंटर मारला, काही झालं नाही. परत मारला. मिनिटभरानं मशीनला जाग आली, धडाधड दोन पावत्या निघाल्या, आणि मगच स्क्रीनवरचा आकडा आपोआप २,९१० झाला.

हळू चालणारं मशीन माणूस सहन करतो. चुकीचं वजन छापणारं मशीन काट्यावर ठेवता येत नाही. म्हणून या वेळी फॉरमॅटची सीडी बॅगेतच ठेवली आणि खुर्ची ओढून बसलो.

मशीनवर काय काय होतं

चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची ७२०० आरपीएम (मिनिटाला ७२०० फेरे) हार्ड डिस्क, विंडोज १०. काट्याच्या इंडिकेटरमधून जुन्या पद्धतीची सिरियल वायर येते, ती एका कन्व्हर्टरमधून यूएसबीला लावलेली. पावतीचा प्रोग्रॅम इथल्याच एका प्रोग्रॅमरनं बऱ्याच वर्षांपूर्वी लिहून दिलेला. तो आता पुण्याला असतो, पण फोन उचलतो. शिवाय हिशोबाचं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, व्यापाऱ्यांना पावतीचा फोटो पाठवायला ब्राउझरमध्ये उघडं व्हॉट्सअ‍ॅप. आणि दिवाळीपासून चार कॅमेऱ्यांचं सीसीटीव्ही सॉफ्टवेअर, नानांच्या भाच्यानं बसवून दिलेलं. ते स्क्रीनच्या कोपऱ्यात दिवसभर उघडं असायचं.

एका मशीनवर एवढी मंडळी नांदतात, ती ऑपरेटिंग सिस्टीममुळे (थोडक्यात ओएस; इथं विंडोज १०). ती स्वतः पावती छापत नाही, हिशोब करत नाही, कॅमेरा दाखवत नाही. मार्केट यार्डात हमालांचा मुकादम स्वतः पोतं उचलत नाही, पण कुठल्या गाडीला किती माणसं आणि कधी, हे त्याच्याशिवाय ठरत नाही. तसं आहे ते. प्रोसेसरचा वेळ, रॅममधली जागा, डिस्क आणि मागची पोर्टं, या सगळ्या मोजक्या गोष्टी. मागणारे मात्र भरपूर. वाटप ओएस करते. मशीन बसलं म्हणजे यातल्या कशासाठी तरी रांग लागली. कशासाठी, हे शोधणं एवढंच माझं काम होतं, आणि ते मी पहिल्या दिवशी चुकवलं.

चुकीच्या चोरामागे एक दिवस

टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला प्रोग्रॅम किती खातोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला तर पावतीचा प्रोग्रॅम २५ टक्के सीपीयू (प्रोसेसर) खात बसलेला. गाडी असो नसो, २५ म्हणजे २५. या प्रोसेसरला विंडोजच्या नजरेत चार हात आहेत, म्हणजे एक अख्खा हात या एकाच प्रोग्रॅमनं धरून ठेवलेला. मला वाटलं, सापडला.

पुण्याला फोन लावला. प्रोग्रॅमरनं मोकळेपणानं सांगितलं: "इंडिकेटरकडून काही आलंय का, हे तो सारखा विचारत असतो. मधे थांबतच नाही." ही डॉसच्या काळातली सवय. १९८१ मध्ये एमएस-डॉस आलं तेव्हा एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा, मशीन सगळं त्याचंच. रिकामा हात वाचवून द्यायचा कोणाला? सारखं विचारत राहिलं तरी कोणाचं बिघडत नव्हतं. आजच्या ओएसमध्ये रीत वेगळी. प्रोग्रॅमनं सांगायचं, "पोर्टवर काही आलं की मला उठव," आणि झोपायचं. अक्षर आलं की हार्डवेअर प्रोसेसरला इंटरप्टची टोचणी देतं, ओएस हातातलं काम बाजूला ठेवून ते अक्षर उचलते आणि झोपलेल्याला उठवते. गाडी आली का म्हणून दर मिनिटाला बाहेर जाऊन बघायचं, की हॉर्न वाजला की उठायचं, एवढाच फरक.

प्रोग्रॅमरनं त्याच रात्री दोन विचारण्यांमध्ये ५० मिलिसेकंद थांबणारी नवी फाईल पाठवली. २५ टक्क्यांचे शून्य-एक झाले, पंख्याचा आवाज उतरला. मी नानांना फोन करून सांगितलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी अकराला मशीन बसलं.

चूक कुठं झाली ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. एक प्रोग्रॅम हावरट असला म्हणून बाकीचे उपाशी मरत नाहीत; ती गोष्ट विंडोज ३.१ च्या जमान्याची, जेव्हा प्रोग्रॅमनं आपणहून हात सोडला तरच दुसऱ्याला पाळी मिळायची. एकजण अडला की सगळे अडले. आता शेड्युलर, म्हणजे ओएसचा पाळ्या लावणारा भाग, हात काढून घेतो. मशीनमधलं घड्याळ साधारण सेकंदाला ६४ ठोके देतं, म्हणजे १५.६ मिलिसेकंदांना एक. साध्या डेस्कटॉप विंडोजमध्ये दोन ठोक्यांची पाळी संपली की दुसरा वाट बघत असेल तर पहिल्याला उठावं लागतं. शिवाय इथं तीन हात रिकामेच होते. पावतीचा प्रोग्रॅम उधळ्या होता, चोर नव्हता.

खरा आकडा कोणत्या खान्यात होता

तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच जाऊन बसलो. मशीन बसल्यावर टास्क मॅनेजर उघडायलाच दोन मिनिटं लागतात, म्हणून रिसोर्स मॉनिटर (विंडोजचीच जास्त तपशील दाखवणारी खिडकी) आधीच उघडून ठेवला. वहिनींनी चहा दिला. नाना शेजारी बसून बघत होते, आणि त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा नव्या मशीनवर जास्त होता हे दिसत होतं.

१०:५५ च्या सुमारास डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबून सलग पेटला. कॅबिनेटमधून बारीक करकर सुरू झाली. माउसचा बाण उड्या मारायला लागला. रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्क १०० टक्के, आणि सीपीयू? सात-आठ टक्के. प्रोसेसर रिकामा बसला होता. चारही हात मोकळे, आणि काम कोणालाच नाही, कारण ज्याला त्याला जे हवं ते अजून डिस्कवरून यायचं होतं.

शेजारच्या खान्यात 'हार्ड फॉल्ट्स', सेकंदाला ऐंशीच्या आसपास. या खान्याचं नाव भयंकर आहे, त्यामुळे डिस्क खराब आहे असं समजून लोक नवीन डिस्क घेतात. त्याचा अर्थ वेगळा आहे.

प्रोग्रॅमला रॅम थेट दिसत नाही. ओएस प्रत्येकाला एक खोटा, भलामोठा, सलग पट्टा दाखवते आणि म्हणते, हा सगळा तुझा. प्रत्यक्षात त्या पट्ट्याची ४ केबीची एकेक पानं असतात, आणि कुठलं पान खऱ्या रॅममध्ये कुठं आहे याची वही ओएस ठेवते. ४ जीबी रॅममध्ये अशी साडेदहा लाखांच्या जवळपास पानं मावतात. मागणी त्याहून वाढली की ओएस बऱ्याच वेळात न लागलेली पानं उचलून डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये ठेवते. (विंडोज १० आधी ती दाबून लहान करून रॅममध्येच कोंबायचा प्रयत्न करते, पण त्यालाही मर्यादा आहे.) पुढे प्रोग्रॅमनं तेच पान मागितलं की त्याला जागच्या जागी थांबवून पान डिस्कवरून परत आणलं जातं. हा हार्ड फॉल्ट. ही कल्पना जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅटलस संगणकावर १९६२ मध्ये ती चालू होती. आणि मुळात कल्पना छान आहे, प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही.

फक्त ती क्वचित व्हायला हवी. नानांना मी हे असं सांगितलं: रॅममधून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. हा वेळ एक सेकंद धरू, म्हणजे वहिनींनी टेबलावरची पावती उचलली. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत घेते, त्यातला सरासरी अर्धा फेरा वाट बघण्यात जातो, वर हेड सरकायचा वेळ. सगळं धरून बारा-साडेबारा मिलिसेकंद. त्याच हिशोबानं ही पावती यायला दीड दिवस.

"दीड दिवस?" नाना म्हणाले. "मालेगावहून चालत आणली तरी लवकर येईल."

आणि अशा चकरा सेकंदाला ऐंशीच्या आसपास, त्याहून जास्त डिस्कला झेपत नाहीत. पावतीच्या प्रोग्रॅमचं पान आणायला जागा हवी म्हणून ब्राउझरचं पान बाहेर टाकायचं, ब्राउझरला ते लगेच लागलं की कॅमेऱ्याचं बाहेर टाकायचं, कॅमेऱ्याला तेच हवं असतं. ओएस कष्ट करते, डिस्क कष्ट करते, काम पुढं सरकत नाही. याला थ्रॅशिंग म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये त्याची नीट चिकित्सा केली, ती अजून लागू पडते. प्रोग्रॅमला एका वेळी जेवढी पानं खरोखर हाताशी लागतात तेवढीही रॅममध्ये मावेनाशी झाली की मशीन हळूहळू मंदावत नाही, कड्यावरून पडल्यासारखं एकदम बसतं. नानांचं "अकराला बसतं" हे वर्णन म्हणूनच इतकं नेमकं होतं. सव्वादहाला काही त्रास नसायचा.

अकरा वाजता, की चार तासांनी?

पण अकराच का? नानांचं उत्तर तयार होतं: अकराला गाड्यांची गर्दी. मला ते पटत नव्हतं. रांगेत दहा गाड्या असल्या तरी प्रोग्रॅमला वजन एकाच गाडीचं घ्यायचं असतं. वहिनींनी जाता जाता सांगितलेलं मला जास्त महत्त्वाचं वाटलं: "बंद करून चालू केलं की दुपारपर्यंत काही त्रास नाही."

मशीन सातला चालू होतं, अकराला बसतं. परत चालू केलं की दुपार निघते. म्हणजे घड्याळाशी संबंध नसून काहीतरी चार तास भरत जातंय.

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या खान्यात मात्र काहीच भरताना दिसत नव्हतं. तिथं मी अर्धा तास फसलो. तो खाना प्रोग्रॅमची किती पानं या क्षणी रॅममध्ये आहेत तेवढंच सांगतो. ओएसनं त्याची पानं बाहेर टाकली की आकडा उलट कमी होतो, आणि सगळ्यात मोठा खादाड गरीब दिसायला लागतो. 'कमिट साईझ' नावाचा वेगळा खाना मुद्दाम चालू करावा लागतो. त्यात ओएसनं त्या प्रोग्रॅमला एकूण किती जागेचा शब्द दिलाय, ते दिसतं.

मग मशीन परत चालू करून वहीत दर अर्ध्या तासाला आकडे लिहिले. बाकी सगळे जागच्या जागी. सीसीटीव्हीचं सॉफ्टवेअर सुरुवातीला २५० एमबी, अर्ध्या तासानं ४२५, एका तासानं ६००, दोन तासांनी ९५०. तासाला साडेतीनशेची भर, व्याजासारखी. चौथ्या तासाला १,६५० एमबी. तिथंच कडा होता.

प्रोग्रॅम ओएसकडून जागा मागतो आणि काम झालं की परत करतो, अशी अपेक्षा असते. हा परत करायला विसरत होता. ओएसला हे ओळखता येत नाही. समोरच्याला ती जागा अजून हवी आहे की नुसती विसरली आहे, हे तिला बाहेरून कसं कळणार? प्रोग्रॅम बंद झाला की मात्र ती त्याच्या नावावरची सगळी जागा एका फटक्यात ताब्यात घेते. म्हणून बंद-चालू केल्यावर बरं वाटायचं. खरं तर तेवढा एक प्रोग्रॅम बंद केला असता तरी भागलं असतं. उलट नानांनी दोनदा गोठलेल्या मशीनचा खटका बंद केला होता आणि दोन्ही वेळा पावत्यांच्या यादीचा इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) फाटला होता, ती वेगळी भानगड. लिहिलेलं सगळं लगेच डिस्कवर जात नाही, ओएस थोडा वेळ रॅममध्ये धरून एकत्र लिहिते. विंडोजची एनटीएफएस फाईल पद्धत अशा झटक्यातून स्वतःची वही सावरते, कुठली फाईल कुठं आहे ती; फाईलच्या आतला अर्धवट मजकूर सावरणं तिच्या कामात येत नाही.

माझा अंदाज खरा का, हे बघायला चौथ्या दिवशी मशीन नेहमीसारखं सातला चालू केलं, पण कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर साडेनऊला उघडायला सांगितलं. अकरा वाजले. नाना स्क्रीनकडे बघत उभे. साडेअकरा. बारा. गर्दी नेहमीपेक्षा जास्त, मशीन चालू. दीडला दहा मिनिटं कमी असताना डिस्कचा दिवा सलग पेटला.

पाचव्या दिवशी ते सॉफ्टवेअर उघडलंच नाही. संध्याकाळी सातपर्यंत काही झालं नाही.

जुनं वजन कुठून आलं

आता त्या तीन पावत्या. मला यातलं सगळ्यात आवडलेलं प्रकरण हे, म्हणून थोडं थांबतो.

इंडिकेटर पीसीची वाट बघत नाही. तो सेकंदाला दहा वेळा वजन पाठवत राहतो, प्रत्येक ओळ बारा अक्षरांची, म्हणजे १२० अक्षरं. प्रोग्रॅम पान डिस्कवरून यायची वाट बघत गोठलेला असला तरी पोर्टाचा ड्रायव्हर गोठत नाही. ड्रायव्हर म्हणजे पोर्ट सांभाळणारा, ओएसच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) राहणारा भाग; त्याचा हे काम करणारा भाग आणि त्याची जागा पेजफाईलमध्ये जात नाही. तो येणारी अक्षरं इमानदारीत बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवत होता. इथं तो बफर ४०९६ अक्षरांचा होता, म्हणजे साधारण ३४ सेकंदांत भरला. भरल्यावर आलेली नवी अक्षरं सांडली. राहिली ती जुनी, ट्रॅक्टर अजून काट्यावर उभा असतानाची.

दुसरीकडे वहिनींचे दोन एंटरही वाया गेले नव्हते. कीबोर्डची बटणंही ओएस रांगेत ठेवते आणि प्रोग्रॅमला जाग आली की क्रमानं देते. प्रोग्रॅमला जाग आली. त्यानं बफरमधली पहिली ओळ वाचली: ५,८४०. मग बटण बघितलं: एंटर. पावती. दुसरी ओळ वाचली: ५,८४०. परत एंटर. परत पावती. त्यानंतर उरलेल्या सगळ्या ओळी क्षणात वाचून संपल्या आणि स्क्रीनवर खरं वजन आलं, २,९१०.

ओएसनं इथं साठवलेलं काहीच हरवू दिलं नाही, सगळं क्रमानं दिलं. फाईल वाचताना हेच तर हवं असतं. वजन वाचताना नको असतं. वजन हे आत्ताचंच हवं. हे ओएसला ठाऊक असायचं कारण नाही, ते प्रोग्रॅमरनं सांगायचं. त्याला फोन केला तर तो दोन सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, "आधी बफर रिकामा करून मग ताजी ओळ घ्यायला पाहिजे होती. एवढी वर्षं कधी भरलाच नव्हता." रात्री नवी फाईल आली. आता एंटर दाबल्यावर साठलेलं आधी फेकून देतो आणि मागोमाग तीन ओळी सारख्या आल्या तरच पावती काढतो.

बाकीचा इलाज सरळ होता. कॅमेरे पीसीवरून काढले आणि डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) थेट जुना टीव्ही जोडला. रॅम ८ जीबी केली. एसएसडी टाकली, कारण मघाच्या हिशोबात दीड दिवसाची पावती एसएसडीवर पंधरा-सतरा मिनिटांत येते; पेजफाईलला हात लावायची वेळ आलीच तरी मशीन कड्यावरून पडत नाही. नवीन पीसीच्या तुलनेत खर्च किरकोळ. विंडोज नव्यानं टाकली. यूपीएसची बॅटरी मेलेली होती, तीही बदलली.

दहा दिवसांनी

"इंजिनिअर, आधी हळू चालायचं. आता झोपतंय."

मला वाटलं नाना गंमत करतायत. जाऊन बघितलं तर शब्दशः खरं. जेवायच्या वेळी दीड ते सव्वादोन गाड्या नसतात. परत येऊन माउस हलवला की स्क्रीन येते, सगळं झटपट चालतं, पण वजनाचा आकडा शून्यावर चिकटलेला. काट्यावर अख्खा ट्रॅक्टर उभा, स्क्रीनवर शून्य.

ही चूक माझी. नव्यानं टाकलेली विंडोज १० कोणी बटण-माउसला हात लावला नाही तर अर्ध्या तासानं मशीन झोपवते, तो तिचा मूळ नियम. सिरियल पोर्टवरून सेकंदाला दहा ओळी येतायत, हे तिच्या लेखी माणूस बसल्याचं लक्षण नाही. जुन्या सेटिंगमध्ये कोणीतरी झोप बंद करून ठेवली होती. मी फॉरमॅट करताना ते पुसलं आणि परत लावायला विसरलो.

पण जाग आल्यावर वजन का येत नव्हतं? कुठलाही प्रोग्रॅम पोर्टाला थेट हात लावत नाही. प्रोसेसरच त्याला तेवढी मुभा देत नाही. हार्डवेअरला हात लावायचा हक्क कर्नलचा आणि त्यातल्या ड्रायव्हरचा. प्रोग्रॅम ओएसकडे पोर्ट मागतो, ओएस त्याला टोकन देते, हँडल म्हणतात त्याला, आणि पुढं सगळा व्यवहार त्या टोकनावर. मशीन झोपलं तेव्हा यूएसबीचा वीजपुरवठा गेला, कन्व्हर्टर ओएसच्या दृष्टीनं उपटला गेला. जाग आल्यावर तो पुन्हा सापडला, पण नव्यानं जोडलेला म्हणून. प्रोग्रॅमच्या हातात जुनं टोकन. प्रत्येक वाचनाला ओएस "हे चालत नाही" असं उत्तर देत होती, आणि प्रोग्रॅम ते उत्तर न बघता शेवटचा आकडा दाखवत राहिला. शेवटचा आकडा रिकाम्या काट्याचा, शून्य. भरलेल्या गाडीचा असता तर?

पॉवर सेटिंगमध्ये झोप बंद केली, पाच मिनिटांचं काम. पुण्याला तिसरा फोन. आता पोर्टाकडून दोन सेकंद काही आलं नाही तर आकड्याच्या जागी रेघा दिसतात आणि प्रोग्रॅम टोकन परत करून नवं मागतो. मी मुद्दाम वायर उपटून, परत लावून बघितलं. दुसऱ्या भोकात लावली तर पोर्टाचा नंबरच बदलतो आणि वजन येत नाही. म्हणून त्या भोकाभोवती नेलपॉलिशनं लाल गोल केलाय. नेलपॉलिश वहिनींचं.

एक गोष्ट राहिलीच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि चौथ्या पिढीचा हा आय-थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. हे सांगितल्यावर नाना माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "मग मी पहिल्या दिवशी काय म्हणत होतो?" तूर्त पीसीची नेटची वायर काढली आहे. व्हॉट्सअ‍ॅप वहिनींच्या मोबाईलवर गेलं, पावत्यांची नक्कल रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर निघते. पावतीचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालेल का, हे पुण्याच्या मित्राला विचारलंय. सिरियल पोर्टाचा भाग अवघड नाही म्हणतो, प्रिंटिंगचं बघावं लागेल. हंगाम संपेपर्यंत कोणीच हात लावणार नाही.

परवा तिकडून जाताना डोकावलो. मॉनिटरच्या कडेला वहिनींनी कागद चिकटवलाय, स्केचपेननं लिहिलेला: "बाहेरचा लाल आकडा आणि स्क्रीन जुळली तरच एंटर. एकदाच."